वारीतले देणारे, घेणारे आणि एक राहून गेलेला फोन

पुणे

सासूबाईंचे गुडघे आता चालू देत नाहीत म्हणून यंदा वारीला त्यांच्या जागी मी गेले. दिंडी त्यांच्या माहेरची, कराडकडची, माऊलींच्या रथामागे चालणारी. भिशी त्यांनीच भरून ठेवली होती (भिशी म्हणजे दिंडीचं जेवण, तंबू, ट्रक, टँकर असा जो काही खर्च असतो त्यातला आपला वाटा), मी बँकेत रजा टाकली आणि आळंदीला न जाता पुण्यात भवानी पेठेतल्या मुक्कामालाच जाऊन मिळाले.

पुण्यात दोन रात्री पालखी थांबते आणि त्या दोन दिवसांत हे शहर निराळंच वागतं. एका सलूनवाल्याने खुर्च्या फुटपाथवर काढून वारकऱ्यांची फुकट दाढी-कटिंग चालवली होती, शेजारी एकजण शिलाई मशीन घेऊन फाटक्या पिशव्यांचे बंद शिवत बसला होता, पुढे डॉक्टर पोरं-पोरी पायांच्या फोडांना मलमपट्टी करत होती. मी दिंडीत नवीन म्हणून आमच्या विणेकरी बुवांनी मला बाजूला बसवून नियम सांगितले. कुणी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं, लागेल तेवढंच घ्यायचं, पिशवीत भरून ठेवायचं नाही, आणि घेतल्यावर पाया पडायचं, समोरचा वयाने लहान असला तरी. मी म्हणलं बुवा, दहा वर्षांच्या पोराच्या पण? तर म्हणाले त्याच्या तर आधी, त्याला अजून कळायचंय आपण काय देतोय ते.

सासवड

हा सगळ्यात मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या आसपास, त्यात दिवे घाट, त्यात एकादशी. ज्येष्ठातली वद्य एकादशी या चालीच्या दिवशीच येते त्यामुळे रस्त्याने सगळा उपासाचा फराळ, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, साबुदाण्याची खिचडी. हडपसरला तुकोबांची पालखी लोणीच्या रस्त्याला जाते आणि आपण सासवडकडे वळतो.

तिथेच एक गोष्ट बघितली ती मनातून जात नाही. एका टेम्पोवर पाच-सहा तरुण उभे, सगळ्यांचे सारखे टीशर्ट, आणि वरून चिक्कीची पाकिटं खाली गर्दीत भिरकावत होते, एकजण मोबाईलवर शूटिंग करत होता. पाऊस होऊन गेलेला, रस्त्याला चिखल, आणि एक सत्तरीचे बाबा वाकून चिखलातलं पाकीट उचलत होते, मागून माणसं आदळतायत. त्या पोरांचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही, पैसे खर्च केले होते, सुट्टी घेऊन आले होते, पण देताना माणसाला वाकायला लावायचं नसतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. तिथून पाच मिनिटांवर एक बाई एकटीच स्टुलावर पातेलं ठेवून द्रोणात खिचडी वाढत होती, प्रत्येकाला “घ्या माऊली” म्हणत होती, द्रोण हातात दिला की दुसरा हात छातीशी. तिच्याकडे फार तर शंभर माणसांचं असेल, टेम्पोत हजारांचं होतं, आणि तरी मला विचाराल तर अन्नदान त्या बाईचं झालं.

घाटात पायांची वाट लागली पण चढले. वर आल्यावर मागे वळून बघितलं तर घाटाच्या प्रत्येक वळणावर पताकाच पताका.

सासवडला दोन मुक्काम, सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी विश्रांती म्हणून चप्पल शिवायला गेले. तिथे चांभारकाम करणारे काही कारागीर दरवर्षी येऊन बसतात आणि वारकऱ्यांच्या चपला मोफत शिवतात. माझ्या पुढे एक खेडवळ आजी होत्या, त्यांची चप्पल शिवून झाल्यावर त्या कारागिराने चप्पल पुसून त्यांच्या पायात घातली आणि डोकं टेकवलं, आणि आजी गडबडीने खाली बसून त्याच्या पाया पडायला लागल्या. दोघांची डोकी आपटायची राहिली. आजी दहा रुपये देत होत्या, त्याने घेतले नाहीत, मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुपारीचं खांड काढून दिलं ते मात्र त्याने लगेच घेतलं. दिवसभरात किती होतात असं मी विचारलं तर म्हणाला मोजत नाही, मोजलं की मग गावाकडे जाऊन सांगावंसं वाटतं.

जेजुरी आणि वाल्हे

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात, सगळं पिवळं, आमच्या साड्या पंढरपूरपर्यंत पिवळ्याच राहिल्या. वाल्ह्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पाय सुजले होते आणि मी तंबूत पडून होते. एका अनोळखी मुलीने, कॉलेजातली असेल, येऊन पायाला तेल लावलं आणि नाव न सांगता पुढच्या तंबूत गेली. मी नियमाप्रमाणे तिच्या पाया पडायला गेले तर तीच ओरडली, “काकू नाही हां!” पण मी पडलेच.

नीरा ओलांडून लोणंद

नीरेत माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात, पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून सातारा सुरू, आमच्या दिंडीतल्या सगळ्या बायकांना माहेरी आल्यासारखं झालं.

लोणंदच्या तळावर पहिल्यांदा समाजआरती नीट पुढून बघायला मिळाली आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय कारण बाहेरच्या लोकांना रिंगण माहीत असतं, हे माहीत नसतं. तळावर पालखीभोवती सगळ्या दिंड्या उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात, आणि चोपदार दंड वर करतो. एका क्षणात सगळं शांत. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवत राहते, हीच तक्रार करायची रीत. मग चोपदार तिथे जातात, काय झालं ते ऐकून घेतात, पाण्याचा टँकर आला नाही, चालताना मागच्या दिंडीने ढकललं, जागेवर दुसऱ्यांनी तंबू ठोकला, जे असेल ते, आणि तिथल्या तिथे निकाल. आरडाओरडा नाही, कुणाची कॉलर धरणं नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ही पद्धत लावली तर अर्धी भांडणं मिटतील असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर हरवलं-सापडलं. अमक्या नंबरच्या दिंडीत घड्याळ सापडलंय, तमक्या नंबरच्या दिंडीत पाकीट आहे, खूण सांगून घेऊन जावं. मी बँकेत काउंटरवर वीस वर्षं काढलीत, पैशासमोर माणूस कसा होतो ते रोज बघते, त्यामुळे ऐकत असताना अंगावर काटा आला. आमच्याच दिंडीतल्या एका काकांचं पाकीट नीरेच्या गर्दीत गेलं होतं, आधार कार्ड आणि अडीच हजार रुपये, काकांनी आशा सोडली होती. त्या संध्याकाळी पुकारा झाला, काका पळत गेले, नोटा जशाच्या तशा. ज्याला ते सापडलं तो माणूस मराठवाड्यातला शेतमजूर, काकांनी पाचशे रुपये पुढे केले तर तो मागे सरकला आणि म्हणाला, “आता हे घेतले तर मी पाकीट विकल्यागत होईल.” काका रात्रभर अस्वस्थ होते, उपकार राहून गेला म्हणत होते. बुवा म्हणाले राहू दे की, सगळं आजच फेडायची घाई कशाला.

तरडगाव

लोणंदहून निघाल्यावर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. अश्व डोळ्यासमोरून पळत गेले आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली, मी लांबच राहिले.

वारीत बायकांचा खरा प्रश्न आंघोळीचा आणि संडासचा. हल्ली निर्मल वारीची फिरती शौचालयं तळांवर असतात त्यामुळे खूप फरक पडलाय, पूर्वी ज्या गावाने जेवायला घातलं त्याच गावाच्या शेतात लोक बसायचे आणि पालखी पुढे गेली की गावाला आठ-आठ दिवस तो वास सहन करायला लागायचा असं दिंडीतल्या जुन्या बायका सांगतात. आंघोळीसाठी मात्र अजून लोकांची घरंच. तरडगावच्या बाहेर एका वस्तीवर आमच्या दिंडीतल्या बायका वर्षानुवर्षं जातात. तिथल्या ताई पहाटे तीनला उठून चुलीवर बंब पेटवतात आणि उजाडेपर्यंत पन्नासेक बायका आंघोळ करून जातात. यंदा विहिरीला पाणी नव्हतं, पाऊस उशिरा, म्हणून त्यांनी टँकर विकत घेतला होता. आमच्यासाठी! मला ते ऐकून बादली उचलवेना, दोन तांब्यांत आटपलं.

चहा पिताना मी त्यांना सरळ विचारलं, ताई, तुम्ही एवढं करता, त्याचं काही चांगलं फळ मिळालं का हो तुम्हाला. त्या खराटा टेकवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “डाळिंब गेलं तेल्या रोगानं. सासरे गेले तेव्हा दवाखान्यात एवढा पैसा गेला. आजेसासूपासनं हे चालूये, आता फळ कधी लागायचं?” आणि मग, “पण बंद कसं करायचं, तुम्ही कुठं जाल आंघोळीला?” मला वाटलं होतं त्या विठ्ठलाचं नाव घेतील, पुण्याईचं बोलतील. त्यांनी फक्त आमची अडचण सांगितली.

त्यांची तक्रारही होती आणि ती मी इथे मुद्दाम लिहिते. मागच्या वर्षी कुणीतरी पितळेचा तांब्या नेला, लग्नातला होता. शाम्पूच्या पुड्या, केसांचे गुंतवळे तसेच टाकून जातात, मोरी तुंबते. आता त्या प्लास्टिकचे मग ठेवतात. आम्ही चौघींनी निघायच्या आधी मोरी घासली, त्या नको नको म्हणत होत्या. निघताना फोन नंबर दिला आणि म्हणाल्या, पंढरपूरला पोचलात की कळवा, एवढ्या बाया येतात पण कोण पोचलं कोण नाही काही कळत नाही बघा.

फलटण

मुक्कामावर रात्री एका कीर्तनकारांचं कीर्तन ऐकलं, आवाज फार सुंदर, पण अन्नदानाचं पुण्य किती पटीने परत येतं याचा हिशेब त्यांनी मांडला तो मला पटला नाही. एक वारकरी जेवू घातला की इतकं, दहा घातले की इतकं. मी रोज लोकांना फिक्स डिपॉझिटचं व्याज समजावून सांगते, आणि हे तसंच ऐकू येत होतं. त्याच हिशेबाने तरडगावच्या ताईंचं डाळिंब जायला नको होतं ना? आणि गेलं म्हणजे मग त्यांच्या देण्यात काही खोट होती असं म्हणायचं का? हे असलं म्हणणं मला क्रूर वाटतं. चांगल्या माणसाचं वाईट झालं की आधीच तो खचलेला असतो, त्यात त्याच्या चांगुलपणावर शंका घ्यायची.

दिंडीतल्या एका निवृत्त मास्तरांशी यावर तंबूत बराच वाद झाला. ते म्हणाले फळाचं आमिष नसेल तर सामान्य माणूस पदरचं देणारच नाही. मी म्हणलं मास्तर, सासवडचा चप्पलवाला काय आमिषाने बसला होता? ते म्हणाले तो अपवाद. मी दिवेघाटापासूनचे अपवाद मोजायला सुरुवात केली तर मास्तर झोपले.

बरड ते नातेपुते

दुपारी पाय अगदीच बोलेनात म्हणून बुवांनी मला दिंडीच्या टेम्पोत बसवलं. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो, तिथपर्यंत ड्रायव्हर दादांशी गप्पा झाल्या आणि या सगळ्या प्रवासात मला जे कळायचं होतं ते बहुतेक तिथेच कळलं.

दादा एरवी भाजीपाल्याचा टेम्पो चालवतात. दोन वर्षांपूर्वी रात्री त्यांना रस्त्यात एक मोटारसायकलवाला पडलेला दिसला, रक्त खूप, चार गाड्या बाजूने निघून गेल्या. यांनी टोमॅटोचे क्रेट सरकवून त्याला आत झोपवला आणि दवाखान्यात नेला. तिथे यांनाच दोन तास बसवून ठेवलं, नाव सांग, तूच उडवलास का, वगैरे. माल मार्केटला उशिरा पोचला, भाव पडला, नुकसान झालं ते वेगळंच.

मी त्यांना सांगितलं की असं कुणी बसवून ठेवू शकत नाही. 2016 साली सुप्रीम कोर्टाने याबद्दलच्या नियमांना कायद्याचं बळ दिलं, नंतर 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत पण ते आलं, अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सुद्धा सक्ती नाही. आणि 2021 मध्ये केंद्र सरकारने बक्षिसाची योजना काढली, गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला तेव्हा पाच हजार रुपये होते. दादांनी गाडी हळू केली. मला वाटलं आता म्हणतील पैसे कशाला, तसं नाही म्हणाले. म्हणाले पाच हजार मिळाले असते तर घेतले असते, डिझेल काय फुकट येतं का.

मग बराच वेळ गप्प. आणि मग म्हणाले, “पैशाचं जाऊ द्या वहिनी. तो पोरगा वाचला, मला नंतर कळलं दुसरीकडून. त्याच्या घरच्यांकडे माझा नंबर होता, मीच पहिला फोन लावला होता ना त्यांना. एकदा फोन करून सांगायचं की वाचला म्हणून. चार महिने मी अनोळखी नंबर आला की उचलायचो.”

परत असं कुणी दिसलं तर उचलाल का असं मी विचारलं. ते म्हणाले, गेल्या दिवाळीत उचलला की एक म्हातारा, सायकलवरनं पडलेला.

मी मघाशी कीर्तनातल्या हिशेबाबद्दल लिहिलं ते अजून तसंच वाटतं, पण मास्तरांचंही थोडं खरं आहे असं मला टेम्पोत वाटायला लागलं. माणसाला काहीतरी लागतंच. ते व्याज नसतं, स्वर्ग तर नाहीच नाही, आपण केलेलं समोरच्यापर्यंत पोचलं एवढं कळायला लागतं. वारीत पाया पडायची रीत आहे ना ती यासाठीच असणार. देणारा पडतो, घेणारा पडतो, तिथल्या तिथे पोचपावती मिळते आणि दोघं मोकळे. वारीबाहेर ही सोय नाही. तिथे फोनच करायला लागतो.

माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव

सदाशिवनगरला गोल रिंगण, खुडूसला गोल रिंगण, वेळापूरच्या अलीकडे धावा, म्हणजे उतारावरून सगळे तुकोबांची आठवण काढत पळत सुटतात, मी पण पळाले, कसे काय पाय पळाले कोण जाणे. हे दिवस भराभर गेले.

तोंडले-बोंडलेला दुपारचं जेवण. या दोन गावांचं नाव वारीत सगळ्यांना पाठ. गावातल्या बायका डोक्यावर भाकरीच्या पाट्या घेऊन येतात, बरोबर ठेचा, पिठलं, कुणाची आमटी, आणि अक्षरशः हाताला धरून बसवतात. तुकोबांच्या वाटेवर यवतला पिठलं-भाकरीचं असंच असतं. मला वाढणाऱ्या आजींना मी म्हणलं बास आजी, दुसऱ्यांना होईल, तर म्हणाल्या दुसऱ्यांना दुसऱ्या आहेत, तू माझी. पुढे टप्पा नावाच्या ठिकाणी सोपानकाकांची पालखी येऊन मिळते, बंधुभेट, दोन्हीकडून मानाचे नारळ देतात, त्या वेळी माझ्या शेजारी उभे असलेले दोन सख्खे भाऊ जमिनीच्या वादानंतर पहिल्यांदा एका दिंडीत चालत होते असं नंतर कळलं. ते काही गळ्यात वगैरे पडले नाहीत. एकाने दुसऱ्याला पाण्याची बाटली दिली.

वाखरी आणि पंढरपूर

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, तिथून पंढरपूर हाकेच्या अंतरावर. पदस्पर्श दर्शनाची रांग इतकी लांब होती की आमच्या दिंडीतल्या बहुतेकांनी चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीला डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले आणि झालं. इतकं चालून आत गेलाच नाहीत का असं मला घरी सगळे विचारतात. जुने वारकरी त्याचं वाईट अजिबात वाटून घेत नाहीत.

वाळवंटात कचरा मात्र बघवत नाही. सकाळी एनएसएसची मुलं हातमोजे घालून द्रोण-पत्रावळ्या गोळा करत होती. गाडगेबाबा याच वाळवंटात झाडू मारायचे, यात्रेला आलेले असूनही देवळात जायचे नाहीत, गरीब यात्रेकरूंना डोकं टेकायला जागा हवी म्हणून त्यांनी इथे धर्मशाळा बांधली, आणि चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. 1956 ला बाबा गेले, त्यांच्या मागे त्यांच्या नावावर स्वतःसाठी काही नव्हतं. आम्ही पण तासभर मुलांबरोबर कचरा उचलला. त्यातला एक मुलगा वैतागला होता, म्हणाला काकू दरवर्षी उचलतो आणि दरवर्षी तेवढाच असतो. मी त्याला म्हणलं वारकऱ्यांच्या वतीने तुझे आभार मानते, तर तो लाजून दुसरीकडे बघायला लागला पण नंतर जास्त जोरात कामाला लागला हे मी बघितलं.

परत

एसटी स्टँडवर मात्र वाईट वाटलं. कालपर्यंत एकमेकांना माऊली म्हणणारी माणसं खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होती, एका लेकुरवाळीला दारातच ढकललं. मास्तरांनी, तेच फलटणवाले, आपली जागा तिला दिली आणि स्वतः कराडपर्यंत उभे राहिले, बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांना कुठल्या आमिषाने दिलीत असं मी विचारलं नाही.

गाडी माळशिरसच्या पुढे आल्यावर मी तरडगावच्या ताईंना फोन लावला. उचलेनात, मग परत लावला. कोण बोलतंय ते त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही, मी म्हणलं आंघोळीला आलेली, मोरी घासली ती. “हां हां! पोचलात व्हय? दर्शन झालं?” मी म्हणलं कळसाचं झालं, सगळ्या सुखरूप आहोत. म्हणाल्या बरं झालं सांगितलं. मग पाऊस कुठवर आहे ते विचारलं, मी खिडकीतून बघून सांगितलं की इकडे चांगला दिसतोय, तर म्हणाल्या मग येईल आमच्याकडे संध्याकाळपर्यंत, आणि ठेवते आता, म्हशीची धार काढायचीय.